बोगदा उघडाच राहिला

मी एक जुना संगणक आहे. बडोद्याच्या गोत्री भागात, अवंतीच्या घरी जेवणाच्या टेबलाखाली माझा मुक्काम. मित्रांनो, नवा होतो तेव्हा हळदकुंकू लावून माझी पूजा झाली होती. आता पोळीचा चुरा अंगावर पडतो. तक्रार नाही, चालतोय तोवर चालायचं.

अवंतीची थोरली बहीण नयना. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून ती सुरत सोडून आली आणि बडोद्यातच गोरव्यात खोली घेऊन ब्लाउजांवर भरतकाम करू लागली. तिचा पत्ता त्या नवऱ्याला, दिग्विजयला, कळू नये म्हणून घरातले सगळे डोळ्यांत तेल घालून जपत होते.

ताईचं काम दुकानदारांना दाखवायला अवंतीने माझ्या पोटात एक वेबसाइट बनवली. ती एका बंद डब्यात ठेवली. संगणकवाली मंडळी त्याला कंटेनर म्हणतात. पण घरातला डबा बाहेरच्यांना दिसणार कसा? म्हणून तिने इंटरनेटवरून थेट माझ्यापर्यंत बोगदा काढला. लिंक दाबली की कोणीही आत! घाईत तिने डब्याला ताईच्या फोटोंचा अख्खा फोल्डरच जोडला. त्यात नव्या खोलीचाही फोटो होता: निळं दार, दारावर नंबर, वर सोसायटीची पाटी. मला तेव्हाच धास्ती वाटली.

मांडवीतले कापडवाले सुभानराव फोनवर खूश झाले. "एकदम सरस काम आहे हो! लिंक आपल्या सुरत-बडोदा मंडळाच्या ग्रुपवर टाकतो."

"टाका ना काका. चला, आवजो!"

बडोद्यात निरोप घेतानाही 'या' म्हणतात. अवंतीने पडद्यावरची खिडकी मिटली आणि काम संपलं असं तिला वाटलं. बोगदा मात्र मागे चालूच होता. आणि त्या ग्रुपमध्ये दिग्विजयही होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारभर लोक आले, ब्लाउज पाहून गेले. एकजण मात्र हलेना. भरतकाम सोडून तो फोल्डर उपसत राहिला. निळ्या दाराचा फोटो त्याने मागवला. पुन्हा मागवला. मग एकाएकी निघून गेला. भीतीने माझा पंखा घरघरू लागला.

"म्हातारा तापला वाटतं," अवंती म्हणाली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. अवंतीने तो स्पीकरवर टाकला.

"थांब हं, बेल वाजली. शेजारच्या काकू माप द्यायला आल्या वाटतं."

"मग उघड ना, ताई!"

मित्रांनो, लिंक देण्याआधी घरातलं काय काय दिसतंय ते पाहा आणि काम झालं की बोगदा बुजवा. मला तोंड असतं तर मी जिवाच्या आकांताने एवढंच ओरडलो असतो: नयनाताई, दार उघडू नकोस!