उघड्या डोक्याची गवसणी

एकतारीला कंबर नसते, एवढं दैवशालाबाईंना पक्कं ठाऊक होतं. खाली भोपळा, वर काठी, मधे एक तार, संपलं. त्यामुळं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीधररावांनी रेल्वे पेन्शनरांच्या ग्रुपवर आलेला भजनाचा व्हिडिओ त्यांच्यापुढं धरला, तेव्हा त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"थांबवा. मागं न्या जरा."

"काय झालं?"

"त्या बाईच्या हातात काय हाय बघा."

"एकतारी. चुडाव्याच्या बाया हायत, भजन म्हणायल्यात."

"एकतारीला कंबर असती का?"

बन्सीधररावांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. कंबर होती. खांदे होते, कंबर होती, खाली गोल घेर होता. तार मात्र एकच. वाजवणारी साठीची बाई डोळे मिटून टुंग टुंग करत होती.

"अरे देवा," बन्सीधरराव म्हणाले, "आता सहावी येती काय घरात?"

पूर्णेच्या त्या घराच्या पुढच्या खोलीत पाच गिटारी ओळीनं टांगलेल्या होत्या. सगळ्या जुन्या आणि सगळ्या लहान अंगाच्या. हल्लीच्या गिटारी दैवशालाबाईंना आवडत नसत. "ट्रंका हायत त्या. बिऱ्हाड हलवायचं की वाजवायचं?" असं त्या म्हणत. त्यांनी अडतीस वर्षं शाळेत पोरींना शिवणकाम शिकवलं होतं, म्हणून त्यांचं गिटार बघणंही शिंप्याचंच. टेप काढायची, खांदे मोजायचे, कंबर मोजायची, खालचा घेर मोजायचा आणि शेवटी हात फिरवून म्हणायचं, "बेतीव हाय हो!" एक मनमाडहून आलेली, भोकाभोवती शिंपल्याच्या तुकड्यांची माळ असलेली. एक कलकत्त्याची, पोटात पिवळा कागद चिकटवलेली. एक भावानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. पाचही म्हाताऱ्या, आणि पाचहींचं दुखणं एकच. सहा पोलादी तारा वर्षानुवर्षं ताणून राहिल्यामुळं मान पुढं वाकलेली आणि पोट वर आलेलं.

"वय झालं की मान वाकती न् पोट सुटतंय," बन्सीधरराव म्हणायचे. "गिटारीला काय न् मला काय. मला पण टांगा भिंतीवर."

"तुमाला खिळा पुरायचा न्हाई," हे उत्तर ठरलेलं.

पण हे वेड लागलं कुठून, ते बन्सीधररावांना माहीत होतं. व्हिडिओ बघून बायकोचा हात का थांबला, तेही त्यांना कळलं होतं.

दैवशालाबाई दहा वर्षांच्या होत्या तेव्हा पूर्णेची रेल्वे कॉलनी वेगळीच होती. लाल कौलांचे बंगले, पुढं बोगनवेल, संध्याकाळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधून पियानोचा आवाज. दैवशालाचे वडील यार्डात सांधे बदलणारे पॉइंट्समन. त्यांच्या क्वार्टरच्या समोर गार्ड डिक्रूझसाहेबांचा बंगला. साहेब गाडीवर गेले की त्यांची बायको, डोरीन मॅडम, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून एक लहानशी गिटार वाजवायची. तिचा आवाज मोठा नव्हता. कुणी शेजारी बसून कानात काही सांगावं तसा. मालगाडी आली की मॅडम बोटं उचलून थांबायची, गाडी गेली की तिथूनच पुढं. दैवशाला पायरीवर बसून ऐकायची आणि मॅडमनं दिलेलं बिस्कीट पुरवून खायची.

त्याच मॅडमनं तिला सुई धरायला शिकवलं. आणि पहिलं काम दिलं ते गिटारीला गवसणी शिवायचं. दैवशालानं सुतळीनं माप घेतलं, गाठी मारल्या. खांदे नऊ इंच, कंबर पावणेसात, घेर सव्वाबारा. मग लांबी मोजली ती मानेपर्यंत. आजवर तिनं शिवताना पाहिली होती ती लेकरांची झबली, आणि झबल्याला डोकं कोण मोजतं? आठ दिवस खपून तिनं गवसणी शिवली, आणि चढवली तर वरचा खुंट्यांचा भाग सगळा बाहेर! पोरीचा चेहरा पडला. डोरीन मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिला जवळ घेऊन म्हणाली, "अच्छा है, बेबी. इसको हवा लगेगा."

पुढच्या मे महिन्यात दैवशाला आजोळी सेलूला गेली. परत आली तर बंगला धुऊन पुसून रिकामा. डिक्रूझ मंडळी बोटीनं लांबच्या देशात गेली होती. गिटार कुठं गेली, ते कुणालाच सांगता येईना. त्यानंतर बासष्ट वर्षांत दैवशालाबाईंनी जिथं जिथं लहान गिटार पाहिली तिथं तिथं टेप लावली. नऊ, पावणेसात, सव्वाबारा. पाच गिटारी आवडल्या म्हणून घरी आल्या. माप मात्र एकीचंही जुळलं नाही.

"मी दुपारच्या पॅसेंजरनं चुडाव्याला जाते," त्या म्हणाल्या. आणि जाण्याआधी त्यांनी हातोडी घेऊन भिंतीवर सहावा खिळा ठोकला.

"अगं, पाळण्याआधी बारसं?" बन्सीधरराव म्हणाले आणि पायांत चपला घालून मागं निघाले.

चुडाव्यात भजनवाली शोधायला वेळ लागला नाही. स्टेशनबाहेरच्या पानवाल्यानंच सांगितलं, "सरजाबाई ना? लवकर जा. उद्या टोळी हालणार हाय त्यांची." सरजाबाई आणि तिचा नवरा चंद्रभान दरवर्षी ऊस तोडायला कारखान्यावर जात. सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि अंगणभर पसारा. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, चूल, कोयते, दोन कोंबड्या.

"या की," सरजाबाई म्हणाली. "बसायला जागा न्हाई, त्या ज्वारीच्या पोत्यावर बसा. कोण म्हणायचं तुमी?"

दैवशालाबाईंनी सगळं सांगितलं. व्हिडिओ, मान वाकलेल्या पाच गिटारी, डिक्रूझसाहेब. टेप सांगायची राहिली, ती बन्सीधररावांनी सांगितली.

"माझी सासू त्यांच्याकडंच भांडी घासायची, पूर्णेला," सरजाबाई म्हणाली. "मेमसाब जाताना तिला म्हणली, ने. सासूला वाटलं भजनाला चांगलं. पाच तारा काढून टाकल्या, एक ठेवली. एकतारीला एकच तार लागती, बाकीच्या कशाला?"

चंद्रभान पेटीला दोर बांधत होता. "त्या पाच तारा जोडून आमच्या बानं दोन वर्षं धुणं वाळत घातलं," तो म्हणाला.

सरजाबाई आत गेली आणि वाद्य घेऊन आली. ते गवसणीत होतं. जुन्या निळ्या चादरीची गवसणी, कोपऱ्याला उसवलेली, तळाशी ठिगळ. आणि वर खुंट्यांचं डोकं सगळं बाहेर.

दैवशालाबाईंनी पर्समध्ये टेपसाठी घातलेला हात तसाच राहिला.

"ही गवसणी कुणी शिवली?"

"मीच. मेमसाबनं दिल्याली फाटली तवा सासूनं शिवली, ती फाटली तवा तिच्यावरून मी बेतली. घरातली ही चौथी."

"आन् डोकं असं उघडं का ठेवलं?"

सरजाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू शाळेतल्या बाईंना एवढंही कळू नये. "डोस्कं उघडंच ठेवायचं असतंय. मेमसाबनं सासूला सांगितल्यालं. हवा लागाय पायजे म्हणून."

बन्सीधरराव खोकल्याचं निमित्त करून अंगणाबाहेर गेले. दैवशालाबाई मात्र हसतही नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. दहा वर्षांच्या पोरीनं केलेली चूक, ती नवऱ्याखेरीज कुणाला सांगायची नाही म्हणून जन्मभर पोटात ठेवलेली, आणि इथं एका घरानं ती नेम म्हणून पाळली होती. चार गवसण्या!

टेप काढायची गरज नव्हती. तरी सवयीनं काढली. नऊ, पावणेसात, सव्वाबारा.

मग त्यांनी गिटार उचलून डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि मानेवरून नजर लावली, सरळ शिवण बघतात तशी. मान सरळ. सुतात. पोट सपाट, एक तडा नाही. घरातल्या पाचही वाकल्या होत्या, आणि ऊन, धूळ, खड्डे खाऊन ही ताठ उभी. बासष्ट वर्षं एकाच तारेचा ताण. पाच तारा काढून टाकणाऱ्या त्या सासूला काही कळत नव्हतं, आणि जगातल्या कुठल्याही जाणकारानं याहून चांगलं केलं नसतं.

"सरजाबाई," दैवशालाबाई गिटार पोत्यावर ठेवत म्हणाल्या, "ही मला द्या. बदल्यात मी माझ्या पाचांतली एक देते. शिंपल्याची माळ असलेली. हिच्यापेक्षा भारी हाय."

सरजाबाई पोत्यावर टेकली. "पाची वाजवता का तुमी?"

"वाजवत... एखादी. थोडं थोडं."

"मग बाकीच्या?"

"बघते."

"निस्त्या बघता?" सरजाबाईच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच नवल होतं. "आन् तुमची ती माळवाली, तिला ट्रॅक्टर सोसल का?"

"म्हणजे?"

"हिथून कारखान्यापस्तोर ट्रॉलीवर जाती ही, पेटीवर बांधून. दोन दिवस, दोन राती. देवगाव फाट्याच्या पुढं तर माणसाचे दात वाजत्यात. मंग पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं, खाली वल, वर धूर. रोज सांच्याला ऊस तोडून आलं की समद्या टोळीच्या बाया हिच्यापाशी बसत्यात. तुमच्या भिंतीवरच्या बाईला जमल का हे समदं?"

दैवशालाबाईंच्या डोळ्यांसमोर मनमाडची गिटार ट्रॉलीत बसली, देवगाव फाट्यावर आली, पहिला खड्डा आला आणि शिंपल्याची माळ खळ्ळकन विस्कटली. खोटं बोलणं सोपं होतं. सरजाबाईला कळलंही नसतं.

"न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. "हजार तुकडे व्हतील तिचे."

सरजाबाईनं पायाशी आलेली कोंबडी हाकलली. मग तिनं गिटार उचलून दैवशालाबाईंच्या मांडीवर ठेवली. "तर मंग ही तशीच न्या. बदली नको. तुमी हिला सासूच्या बी आदी वळखता. आमी टाळावर म्हणू."

चंद्रभाननं दोर बांधता बांधता मान वर केली आणि पुन्हा गाठ आवळली.

दैवशालाबाईंनी तार छेडली. टुंग. अगदी तोच आवाज, कानात काही सांगितल्यासारखा. सहा तारांची पुडी पर्समध्ये होती. घरी भिंतीवर खिळा होता. आणि ही एवढी सरळ मान. त्यांनी अंगणातल्या पसाऱ्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, उसवलेल्या निळ्या गवसणीकडं पाहिलं. मग गिटार उचलून सरजाबाईच्या हातात दिली.

"हिला सवय हाय तुमची. मला फक्त ही गवसणी द्या एका रातीपुरती. पार उसवली हाय. नवी शिवून आणते, टोळी हालायच्या आत."

संध्याकाळच्या गाडीनं दोघं घरी आली. जेवण झाल्यावर दैवशालाबाई मशीनवर बसल्या. खादीचं जाड कापड होतं, अस्तराला जुनं मऊ पातळ. खडूनं आखताना त्यांचा हात मानेच्या वर गेला, खुंट्यांच्या भोवती रेघ ओढून आला. अडतीस वर्षं त्या पोरींना सांगत आल्या होत्या, माप पूर्ण घ्या, अर्धवट बेतू नका. त्या क्षणभर थांबल्या. मग हातानं ती रेघ पुसून काढली.

"अगं, डोकं राहिलं की!" मागून बन्सीधररावांनी चिडवलं.

"राहू द्या. हवा लागती."

सकाळी सात वाजता दोघं चुडाव्याला पोचली तेव्हा ट्रॉली भरली होती आणि ट्रॅक्टर फुरफुरत होता. सरजाबाईनं नवी गवसणी हातात घेऊन आत बाहेर उलटून बघितली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"बरूबर बेतलीय," ती म्हणाली. "मला वाटलं, शिकल्याली बाई हाय, डोस्कं झाकून आणती का काय."

"शिकलेली हाय म्हणूनच न्हाई झाकलं."

"उन्हाळ्यात येतो आमी. एकादशीला भजनाला या. आन् ते तुमचं थोडं थोडं वाजवायचं बी घेऊन या, एखादी वाकलेली."

ट्रॅक्टर हलला. पेट्या, चूल, कोयते, कोंबड्या, पोरं, आणि सगळ्यांच्या वर पेटीवर बांधलेली खादीची गवसणी. तिच्या तोंडातून खुंट्यांचं डोकं बाहेर काढून गिटार गाव बघत चालली होती.

पॅसेंजरला अजून वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून दोघांनी पोहे खाल्ले. जुनी निळी गवसणी दैवशालाबाईंच्या पर्समध्ये घडी करून होती. सहावी लागेल तेव्हा माप तिच्यावरूनच घ्यावं लागणार होतं.

"ते खिळ्याचं काय करायचं आता?" बन्सीधररावांनी विचारलं.

"त्यावर तुमची छत्री टांगा," दैवशालाबाई म्हणाल्या. "रोज दाराच्या कडीला अडकवता, चाळीस वर्षं सांगायले."