जर्मन वाडीतला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. काटकोनात वळलेला, दोन भिंतींना पाठ लावून बसणारा. माझा जन्म ओमानमध्ये, इब्राजवळच्या खजुरांच्या बागांत झाला.

विहिरी खणायला जर्मनीहून आलेली पाच कुटुंबं काम संपल्यावर परत गेलीच नाहीत. त्यांनी भाड्याच्या जमिनीवर लिंबं लावली, घरं बांधली. बागेतले कोकणी कामगार त्या वस्तीला जर्मन वाडी म्हणू लागले. त्या पाचांतल्या एका घरातल्या हेर्टाबाईंच्या नवऱ्याने यंत्रांची लाकडी खोकी फोडून मला खोलीतच जोडलं. दर शुक्रवारी सगळी वाडी माझ्यावर दाटीवाटीने जेवायला बसायची. "असा बाक आपल्या गावालाही नव्हता," असं म्हातारे म्हणायचे, तेव्हा मी सुखावायचो.

पण मला स्वस्थता कधीच नव्हती. कुणी उठलं, की वाटायचं, हा परत बसेल ना? मुलं जर्मनीला शिकायला गेली, ती तिकडचीच झाली. मग विहिरींचं पाणी खारट झालं, लिंबं वाळली. एकेक कुटुंब निघून गेलं. नवऱ्याच्या मागे उरल्या फक्त हेर्टाबाई, आणि त्यांच्याकडे रायगडहून कामाला आलेलं जोडपं, रशीद आणि खुदेजा. माझ्यावर रद्दी आणि औषधांचे डबे साठले. बाई एका कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या.

२०१४ साली मालकाने जमीन परत मागितली. घर पाडायचं ठरलं. बाईंना न्यायला त्यांचा मुलगा उवे आला. तो इथेच वाढलेला, कामगारांकडून हिंदी शिकलेला. बाईंनी मला खुदेजाला देऊ केलं, पण मी दारातून निघेना.

"करवत आण, रशीद. दोन तुकडे करू," उवे म्हणाला.

मी धास्तावलो. रशीद जागचा हलला नाही.

खुदेजा म्हणाली, "घर पाडायचंच आहे, तर आधी भिंत पाडा ना."

उवेने आईकडे पाहिलं. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

भिंत पडली आणि मी अख्खा उन्हात आलो. बाई अंगणात माझ्यावर बसल्या, गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे खुदेजाने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, "येते."

त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता मी इब्रात, रशीदच्या ओसरीवर असतो. त्याची मुलगी उमामा माझ्यावर अभ्यास करते. ती उठली, की माझा जीव अजूनही खालीवर होतो. मित्रांनो, जुनी वस्तू मोडण्याआधी तिच्यावर कोण कोण बसलं होतं, ते विचारा. आणि म्हाताऱ्या माणसाजवळून उठताना घाई करू नका.