मागचा डावा दिवा

मी बोलतोय, पण तुम्ही गाडीच्या पुढेच बघताय. मागे या. जरा डावीकडे. हं, तो लाल गोल दिसतोय ना, तोच मी.

तसा मी प्लॅस्टिकचा ठोकळा. मुलं एकमेकांत अडकवून घरं आणि मनोरे करतात, त्यातला. आकाराने शर्टाच्या बटणाएवढा. कारखान्यातल्या साच्यातून हजारो भावंडांबरोबर टपाटप खाली पडलो. पण आरपार दिसणारे आमच्यात थोडेच, त्यामुळे मला पहिल्यापासून जरा मिजास चढलेलीच होती.

मी आलो एका कारागिराच्या घरी. लोक त्याला आपल्या खऱ्या गाडीचे फोटो आणून देतात आणि तो ठोकळ्यांची तशीच गाडी करून देतो, खरीच्या सोळाव्या हिश्श्याची. छपराचा उतार, चाकांमधलं अंतर, सगळं मोजून. ठोकळा ठोकळ्यात असा बसवतो की हलवली तरी खुट्ट होत नाही. आणि गोंदाचा थेंबसुद्धा नाही! "गोंद लावतो त्याला काम येत नाही," असं तो येईल त्याला ऐकवतो.

दुसरं एक वाक्य त्याच्या तोंडात कायम असतं. "माझा हात चुकत नाही."

हे ऐकलं की त्याची बायको नुसती "हं" म्हणते आणि वही उघडते. कुठल्या रंगाचे किती ठोकळे काढले, किती लागले, हे ती लिहून ठेवते. कारण त्यांची दीड वर्षांची लेक, भिंगरी. घरभर फिरते आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते. त्या आईला ठोकळा दिसला की ठोकळा दिसतच नाही, लेकीचा घसा दिसतो.

या खेपेला पिवळी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार करायची होती. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका बाईंची. खरी गाडी त्या विकणार होत्या. "गुडघे म्हणतात बस, मग उठायलाच नको म्हणतात," असं त्या सांगून गेल्या होत्या. अकरा दिवस काम चाललं. बाई संध्याकाळी सहाला येणार आणि दुपारी आईने वही काढली.

"अहो, लाल दिवे दोन दिले होते ना? एकच लागलाय."

"असेल तिथेच कुठेतरी."

टेबलाखाली भिंगरी बसली होती. तोंड हलत होतं. आईने झडप घातली, बोट घालून पाहिलं, तर बिस्कीट निघालं. पण बिस्किटाआधी काय गेलं असेल, हे कोण सांगणार? तशीच लेकीला कडेवर टाकून ती डॉक्टरांकडे पळाली. चपला दोन पायांत दोन प्रकारच्या.

परत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "श्वास नीट आहे म्हणाले. गिळला असेल तर आपोआप पडेल. एक्स-रेत प्लॅस्टिक दिसत नाही बहुतेक. खोकली, उलटी झाली तर लगेच आणा, नाहीतर दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले."

"कशावर?"

"शीवर! कशावर काय!"

मग काय विचारता. नवरा बॅटरी घेऊन सोफ्याखाली. आई पोरीच्या पोटाला कान लावून. भिंगरीला वाटलं नवा खेळ आहे, तीही आईच्या पोटाला कान लावू लागली. मला सगळं ऐकू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. कारण मी त्याच टेबलावर होतो. त्याच गाडीत. सीटखाली!

तेवढ्यात आई मोरीत गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजाआड ती रडत होती. माझं हसू तिथेच थांबलं. खरं सांगतो, मी हलायचा खूप प्रयत्न केला. पण त्या पठ्ठ्याचं काम इतकं घट्ट, मला हूं की चूं करता येईना.

तोंड धुऊन ती आली आणि पुन्हा वही घेऊन बसली. पुन्हा मोजलं. मग एकदम थांबली.

"अहो, राखाडी गोल चार काढले होते. चारही सीटखाली लागायचे होते ना?"

"लागले की."

"मग डब्याच्या झाकणात हा कुठला?"

"उरला असेल."

"माझ्या वहीत उरत नाही." ती उठली. "आतलं कोण बघतंय, म्हणून तुम्ही हाताला येईल तो रंग आत ढकलता. ढकलता की नाही?"

कारागीर डब्याचं झाकण पुसायला लागला.

"गाडी फोडा."

"अगं, सहाला बाई यायच्यात!"

"तुम्ही फोडता की मी फोडू?"

तिनेच फोडली. छप्पर निघालं, दारं निघाली, सीट निघाली. भिंगरी टाळ्या पिटत होती. आणि तीन राखाड्यांच्या शेजारी मी, लालबुंद. मला वाटलं आता मुका मिळणार. आई म्हणाली, "मेल्या!" आणि मला मुठीत धरून खाली जमिनीवरच बसली. पोरीला जवळ ओढून म्हणाली, "चुकलं गं सोने. तुझ्यावर आळ आणि हात मात्र बाबांचा." बाबा सुटलेली दारं गोळा करण्यात फार गुंतले होते.

सहाला बाई आल्या. टेबलावर बिनछपराची गाडी. आईनेच सगळं सांगितलं. बाई खुर्चीत टेकल्या.

"जोडा निवांत. मी लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवते, मला घाई कसली? द्या ती पोर इकडे."

तासाभरात गाडी पुन्हा उभी राहिली. शेवटी राहिलो मी. कारागिराने हात पुढे केला, पण आई मूठ उघडेना. आधी तिने कपाटातून गोंदाची नळी आणली.

"अगं, आपण गोंद लावत नाही!"

"आपला हातही चुकत नाही," ती म्हणाली आणि मला स्वतः चिकटवलं. अंगठ्याने दाबून धरलं, बराच वेळ.

आता मी बाईंच्या कपाटात असतो. उद्या ही गाडी मोडली तर बाकीच्यांचं विमान होईल, घर होईल. मी मात्र जन्मभर मागचा डावा दिवा. हसलो त्याचं फळ, दुसरं काय! तरी पोरीच्या तोंडात बोट घालण्याआधी आपला हात कुठे गेला होता ते आठवा, एवढं ऐका माझं.

आणि जाताना नीट निरखून बघा. उजवा दिवा कसा लख्ख आहे. माझ्यावर मात्र वाळलेल्या गोंदात एका अंगठ्याचा ठसा आहे. बाई रोज धूळ पुसतात, पण तो निघत नाही. निघूही नये.