फुकटची चढण

बाबल्याने जन्मभर अंग मोडून काम केलं, पण फुकट कधी केलं नाही. घाम गाळायचा तर त्यातून भात यायला हवा, नाचणी यायला हवी, नाहीतर वीटभट्टीची मजुरी तरी. जवळच्या शिरपामाळाच्या पठारावर गाडीतून उतरून पांढऱ्या बुटांत उगाच गोल गोल चालणारी शहरातली माणसं बघितली की त्याला त्यांची कीव यायची. अंगात एवढी रग आहे तर कोणाचं शेत तरी खणून द्या म्हणावं!

त्यामुळे मुलगा रोहिदास ठाण्याहून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, आता आराम कर, टेन्शन नको घेऊ," तेव्हा बाबल्याला ते रास्तच वाटलं. भाताच्या आवणीत, वाकून रोपं लावताना, त्याचा गुडघा धरला होता. तो खुर्चीत बसला तो बसलाच. साखरशेतच्या आपल्या घराच्या ओट्यावरून कोंबड्यांना शिव्या द्यायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं आणि बायकोकडे, लाडकीकडे, पाणी मागायचं, एवढाच उद्योग उरला. गुडघा बरा झाला, पण तोवर पायच चालणं विसरले. खुर्चीतून उठायचं तर खांबाला लोंबकळावं लागे.

त्याचंही त्याला फार काही वाटलं नसतं. पण पाठची बहीण जानी वरच्या पाड्यावर दिलेली, पार डोंगराच्या माथ्यावर. पाड्याला रस्ता नाही, फोनला रेंज नाही. सगळ्या भावंडांत आता ही दोघंच मागे राहिलेली. जानीचेही पाय थकले होते. हा वर जाऊ शकत नव्हता, ती खाली येऊ शकत नव्हती, आणि एकमेकांना न बघताच एक दिवस कोणाचा तरी निरोप येणार, ही धास्ती बाबल्याच्या मनातून जात नव्हती.

गावातली पोरं म्हणाली, "डोलीत घालून नेतो तुला." बांबूला चादर बांधून आजाऱ्याला, नाहीतर अडलेल्या बाईला खांद्यावरून न्यायचं, ती डोली. बाबल्या भडकला. "मी काय मेलो काय? बहिणीच्या दारात भाऊस जातो तो आपल्या पायानं."

ते भारतीच्या, आरोग्य केंद्राच्या आशाताईच्या, कानावर गेलं. ती खालचं गाव आणि वरचा पाडा दोन्हीकडे घरोघर फिरायची. तिने त्याला खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायला सांगितलं. बाबल्याला जमलं नाही.

"हेच रोज करायचं बाबा. ऊठ, बस. मग टाचा उचल. आणि चाल, रोज थोडं पुढं."

"उठाबशा?" बाबल्या खवळला. "मास्तर उठाबशा घालायला लावायचा म्हणून तर मी शाळा सोडली! आणि चालू कशाला? काम नाय, धंदा नाय. लोक बोलतील, म्हाताऱ्याला काय लागीर झालंय."

भारतीने पिशवी खांद्याला लावली. "तुझी मर्जी. वरची जानीआत्या तर रोज करते. मोहापर्यंत उतरते आता."

मोहाचं ते झाड म्हणजे बरोबर अर्धी चढण. लहानपणी गुरांमागे जाताना ही जानी कायम मागे राहायची, 'दादा, थांब' करत रडायची. ती डोंगर उतरते आणि आपण खुर्चीत?

दुसऱ्या दिवशी त्याने कमरेला कोयता लावला आणि निघाला. कोयता लावलेल्या माणसाला कोणी 'कुठं चाललास' म्हणून छेडत नाही, तो कामालाच चाललेला असतो. शेताच्या बांधापर्यंत गेला आणि धापा टाकत परत आला. हातात काहीतरी दिसावं म्हणून एक काटकी आणली.

"एवढा कोयता नेलास नि दातण आणलंस?" लाडकी म्हणाली. पण तिच्या सगळं ध्यानात आलं होतं. त्या दिवसापासून तिने पाण्याचा तांब्या हातात देणं बंद केलं. "घे उठून. मडकं तिथंच हाय."

कधी गुडघा सुजायचा. मग तो भारतीच्या नावाने बोटं मोडायचा, दिवसभर पडून राहायचा आणि परत कोयता लावायचा. भात झोडून झालं, नाचणी घरात आली, तोवर तो डोंगराच्या पायथ्याशी पोचला होता. मग पहिलं वळण, मग त्याच्या पुढचं. भूक लागायला लागली. झोपही लागायला लागली.

एके दिवशी सकाळी त्याने कोयता खुंटीवरच ठेवला. बहिणीसाठी घेतलेलं लुगडं आणि नाचणीचं पीठ फडक्यात बांधलं आणि रस्त्यात भेटेल त्याला न विचारता सांगत सुटला, "बहिणीकडं चाललोय."

मोहापाशी पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. झाडाखाली एक म्हातारी पाय पसरून बसली होती, मांडीवर वालाच्या शेंगांचं गाठोडं.

"दादा?"

बाबल्याला क्षणभर खरं वाटेना. ती केवढी वाळली होती! "म्हणजे खरंच तू रोज इथवर येतेस?"

"रोज? आज पयल्यांदा पोचले रं. रोज तर तू येतोस ना? भारती बोलली, तुझा दादा अर्धा डोंगर चढतो. मग मला लाज वाटली."

"थापाडी पोरगी, ती भारती!" बाबल्या म्हणाला, आणि दोघं हसायला लागली. हसता हसता जानी रडायला लागली. बाबल्यालाही रडू आलं, ते त्याने लपवलं नाही. किती दिवस हा जीव टांगणीला लागला होता!

डोळे पुसून तो म्हणाला, "चल, तुझ्या घरी."

जानी हलली नाही. "वर नको. मला खाली ने, दादा. माहेरी. आईच्या चुलीपाशी एकदा बसायचंय मला."

बाबल्याचा चेहरा उतरला. इतके दिवस डोळ्यांपुढे तिचंच अंगण होतं, आणि आज पायांत जोर होता. त्याने एकदा वरच्या वाटेकडे बघितलं. मग तिचं गाठोडं आपल्या फडक्यात बांधलं आणि खाली वळला.

उतरणं चढण्याहून वाईट. गुडघा प्रत्येक पावलाला बोलत होता. जानी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागून येत होती.

"आणि परत वर कशी जाऊ मी?" तिने विचारलं.

"मी येतो ना सोडायला. पार तुझ्या दारापर्यंत."

"मग तू एकटा खाली येशील?"

"तू ये मला सोडायला. मोहापर्यंत."

"असं तर आपलं संपायचंच नाय, दादा."

"नको संपू दे," बाबल्या म्हणाला आणि पुढचं पाऊल जपून टाकलं.