सहावा आवाज

मास्तरांसमोर भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. कुऱ्हाड फेकायला शिकवणाऱ्याने गोड बोलून चालतही नाही म्हणा. उंच छताचा हॉल, समोर पाणी मारून ओल्या ठेवलेल्या लाकडी फळ्या, अलीकडे जमिनीवर लाल रेघ. रेघेमागे एका वेळी सहा मुलं उभी राहत. सगळ्यांनी फेकून झालं की कुऱ्हाडी परत आणण्यासाठी मास्तर एकच शब्द ओरडत, "आणा!" त्याआधी पाऊल पुढे टाकणारा कुणाचा कितीही लाडका असो, त्याला बाकावर बसावं लागे. ओरडण्याऐवजी घंटा लावा, असं त्यांच्यापुढे म्हणायचीही सोय नव्हती. "घंटा कुणीही बडवतं," ते म्हणत. "शब्दाच्या आधी डोळा फिरावा लागतो." इतक्या वर्षांत एकाही पोराला साधं खरचटलेलं नव्हतं, आणि हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

हॉलचा बाकी कारभार आता त्यांची लेक बघायची. मुलांच्या पायात बंद बूट आहेत ना, दांडे ढिले झालेत का, मोकळे केस बांधलेत का, सगळं तिच्याकडे. रेघ तेवढी बाबांची.

त्या सकाळी एका शाळेची मुलं आली होती. लेक मागे भिंतीशी उभी राहून बघत होती. धप्, धप्, धप्. एका मुलाची कुऱ्हाड फळीवर आपटली, उडाली आणि शेजारच्या, डावीकडच्या शेवटच्या फळीखाली जाऊन खणकन पडली. आणखी एक धप् झाला आणि मास्तर ओरडले, "आणा!"

पोरं निघाली. तो मुलगा आपली कुऱ्हाड उचलायला त्या शेवटच्या फळीकडे धावला. त्या फळीसमोर, रेघेमागे पिवळ्या स्वेटरातली मुलगी अजून उभी होती, दोन्ही हात डोक्यामागे नेलेले, कुऱ्हाड हातातच.

"थांब!" लेक जिवाच्या आकांताने ओरडली. मुलगी दचकली. तिच्या हातून कुऱ्हाड सुटली ती पाठीमागे, मोकळ्या जमिनीवर.

मास्तर मुलीवरच उखडले. "कान कुठे होते तुझे? सगळ्यांचं झालं तरी हातात कुऱ्हाड?" शाळेच्या बाईंनीही वर चार शब्द सुनावले. पोरगी बाकावर बसून हमसून हमसून रडायला लागली.

लेकीने बाबांना आत, कुऱ्हाडींच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"बाबा, तिने फेकलीच नव्हती."

"पण सहा आवाज झाले होते."

"आवाज?"

लेकीच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. उडालेली कुऱ्हाड आधी फळीवर वाजली, मग जमिनीवर. एकीचे दोन आवाज.

"तुम्ही कानाने मोजता? बघत नाही?"

त्यांनी एक दांडा हातात घेतला, उगाच त्यावरून अंगठा फिरवला. "डावीकडे धुकं असतं. गेल्या थंडीपासून."

"गेल्या थंडीपासून! लोकांची पोरं आहेत ती, बाबा!" तिला इतका राग आला होता की नीट बोलताही येईना. "मला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला रेघेवरून काढलं असतंस."

"काढलंच असतं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हाच माणूस तिला लहानपणी रेघेवर हात धरून थांबवायचा. त्याच्याशी असं बोलायची वेळ आपल्यावर यावी, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग डोळे पुसून ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाहेर कुणाला काही कळलेलं नाही. आजचं मी निभावते. उद्यापासून तुम्ही यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मास्तरांनी मान हलवली. बहुधा त्यांनाही तेच हवं होतं. तेवढ्यात बाहेरून एका मुलाचा आवाज आला, "हिच्यामुळे आज तो मेला असता!" पाठोपाठ त्या मुलीचा हुंदका.

मास्तरांनी दांडा खाली ठेवला आणि दार उघडलं. "बाबा, नको," लेक म्हणाली. शाळेच्या कानावर गेलं की पुन्हा इथे पोरं कोण पाठवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते थांबले नाहीत.

बाकासमोर जाऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पोरी, चूक तुझी नव्हती. मला या डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. तू उभी होतीस, ते मला दिसलंच नाही. मी न बघता ओरडलो आणि वर तुलाच बोललो."

शाळेच्या बाई मुलांना दाराकडे ढकलायला लागल्या.

मुलगी जागची उठली नाही. बाहीने नाक पुसून तिने विचारलं, "आत्ता दिसते मी?"

ती त्यांच्या डावीकडेच बसली होती. मास्तर गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले, सगळा चेहरा तिच्याकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "आत्ता दिसतेस."