एकदा उलटा करू द्या

डोरीन मेचिन नऊ वर्षं दर शनिवारी रिकामी बाबागाडी ढकलत पॉडमोरकाकांच्या दारात जायची आणि रिकामीच घेऊन परत यायची. इंग्लंडातल्या लाँगटनच्या त्या गल्लीला आता त्याचं नवल उरलं नव्हतं. फक्त कोपऱ्यावरची नेल दारात उभी राहून न चुकता विचारायची, "काय डोरीन, बाळ मिळालं का?" सहासष्ट वर्षांची डोरीन तिच्याकडे ढुंकूनही बघायची नाही.

बाबागाडी होती छत्रीस्टँड वाहायला. मॅजोलिकाचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, जुने, जाडजूड, भडक हिरव्यानिळ्या झिलईचे चौदा स्टँड तिने इकडूनतिकडून याच गाडीतून घरी आणले होते. दोन खोल्या खाली, दोन वर, एवढंसं घर. बोळातून आडवं होऊन जावं लागायचं. आणि इतके स्टँड असून बाईची स्वतःची छत्री मात्र दारामागच्या खिळ्याला लटकलेली.

खरं तर तिला हौस स्टँडची नव्हती, त्यांच्या बुडाची होती. आता आम्हा मडक्यांच्या गावच्या लोकांना ही खोडच आहे. परगावी चहाला बसलो तरी आधी बशी उलटी करून खालचा शिक्का बघणार, मग साखर घालणार. डोरीनने एका लग्नात भरली ताटली उलटी केली होती आणि नवऱ्या मुलीच्या मावशीच्या मांडीवर रस्सा सांडला होता. पण डोरीन शोधत होती ती खूण कारखान्याच्या शिक्क्याची नव्हती.

तिची पणजी हेप्सी मॅजोलिका रंगवायला होती. त्या रंगात शिसं असायचं; त्याने पुढे तिचे हात मनगटापासून लुळे पडले. तिचा फोटो नाही, थडग्यावर दगड नाही. डोरीनच्या आईला एवढंच ठाऊक होतं, की कुठलं काम कुणाचं हे कळावं म्हणून रंगवणाऱ्या बायका बुडाखाली आपली खूण करत. कुणी फुली मारी, कुणी टिंबं देई, आणि हेप्सी हिरव्या रंगात अंगठा बुडवून दाबायची. डोरीनने स्वतः चाळीस वर्षं कपांच्या काठावर सोनेरी रेघा ओढल्या होत्या. आपल्या रक्ताचं माणूस कुठल्या तरी मडक्याखाली सही करून बसलंय आणि आपण त्याला बघितलेलं नाही, हे तिला सहन होत नव्हतं. चौदा बुडं बघून झाली, अंगठा नाही. अंगठा नाही म्हणून स्टँड परत टाकावा, तर तेही तिच्याच्याने होईना.

पणजीच्या कारखान्यातला, तिला माहीत असलेला शेवटचा स्टँड पॉडमोरकाकांच्या बोळात होता. लव्हाळ्यात उभा बगळा, चोचीत मासा. काका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर भट्टीवर माल रचलेले. बघायला त्यांची ना नव्हती. हात लावलेलाही चालायचा. उलटा करायचा नाही. का, तर जड आहे. पुढच्या शनिवारी, पाठ धरलीय. त्याच्या पुढच्या शनिवारी, त्यात आयव्हीच्या छत्र्या आहेत. आयव्ही म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊनही अकरा वर्षं झाली होती.

आणि आता सोमवारी काका वृद्धाश्रमात जाणार होते. भाच्याने घरातल्या सगळ्या वस्तू लिलाववाल्याला सांगून टाकल्या होत्या. एकदा का लंडनच्या कुणा व्यापाऱ्याने बगळा उचलला, की तो समुद्रापार कुठे जाईल याचा नेम नव्हता. तेव्हा हाच शनिवार, हे डोरीनने पक्कं ठरवलं.

पाऊस लागला होता. तिने बाबागाडी पायरीशी लावली, आणलेली ओटची धिरडी चीज घालून तव्यावर गरम केली, काकांना पोटभर खाऊ घातलं. मग बोळातल्या स्टँडसमोर खुर्ची ओढून बसली.

"काका, आज मी हलणार नाही. एकदा उलटा करू द्या."

"बस की. सोमवारी तुलाही घेऊन जातील लिलावात," काका म्हणाले. "पंधरावा नग म्हणून."

डोरीनने खुर्ची आणखी पुढे ओढली. घड्याळ वाजत राहिलं. काकांनी पाठीचं सांगून पाहिलं, छत्र्यांचं सांगून पाहिलं. ती बसूनच होती. तासाभराने काका भिंतीला धरून आले, जिन्याच्या पायरीवर टेकले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले.

स्टँड आयव्हीच्या माहेरचा. चोविसाव्या वर्षी काका पहिल्यांदा तिच्या घरी चहाला गेले, बोळात एकटेच उभे होते, समोर हा बगळा. हात शिवशिवले. धरला आणि केला उलटा. आत तळाशी छत्र्यांचं पाणी साठायला मातीचं सुटं ताट असतं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. ते सटकलं आणि फरशीवर त्याचे पाच तुकडे झाले. भट्टीवर डोक्यावरून मालाने भरलेल्या फळ्याच्या फळ्या नेणारा गडी, ज्याच्या हातून कधी कप फुटला नव्हता! तुकडे खिशात कोंबले, जाताना खापरांच्या ढिगाऱ्यावर फेकले, आणि दुसऱ्या दिवशी केक भाजायचं एक पत्र्याचं ताट गुपचूप आत बसवलं. पुढे स्टँड लग्नात घरी आला. तेव्हापासून त्याला कुणी उलटा करू नये म्हणून काका राखण करत होते.

"आयव्हीला कधी कळू दिलं नाही मी," ते म्हणाले. "आता तिच्यामागे कसं कळू देऊ?"

डोरीनच्या मनात आलं, अंगठा त्या फुटलेल्या ताटाच्या बुडाला असला तर? मग तो चौसष्ट वर्षांमागेच खापरांत गेला. क्षणभर तिला वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण ती उठली नाही.

"काका, इतकी वर्षं त्या पत्र्याच्या ताटातलं पाणी कोण ओतत होतं?"

 काकांनी आत हात घालून पत्र्याचं ताट चाचपलं. अकरा वर्षांचा गंज हाताला लागला. "आयव्ही," ते म्हणाले. "पाऊस पडला की आयव्हीच ओतायची." त्यांनी तो गंज दोन बोटांत चोळला. "एक अक्षर बोलली नाही गं."

मग त्यांनी डोळे पुसले. "काढ त्या छत्र्या."

छत्र्या निघाल्या, ताट निघालं. दोघांनी मिळून बगळा सतरंजीवर आडवा केला. बुडावर साठ-सत्तर वर्षांची काजळी. डोरीनने धिरडी गुंडाळून आणलेलं फडकं ओलं करून पुसायला घेतलं. कारखान्याचा शिक्का वर आला. मग एक आकडा. मग कडेला हिरवा डाग, आणि डागात बारीक रेघा.

अंगठा. डोरीनने त्यावर आपला अंगठा ठेवला, आणि तो डाग सगळाच्या सगळा झाकला गेला. तिने हात उचलून पुन्हा ठेवला. तिचाच अंगठा चारी बाजूंनी डागाबाहेर उरत होता.

"भट्टीत आकसला असेल," ती म्हणाली.

काकांनी चष्मा लावून वाकून बघितलं. "माती आकसते, ती पहिल्या भट्टीत. हा रंग त्यानंतरचा. अंगठा होता तेवढाच आहे." त्यांनी चष्मा काढला. "दहा-अकरा वर्षांची पोर असेल गं ती."

 पणजी म्हटल्यावर डोरीनने आजवर शाल पांघरलेली, पांढऱ्या केसांची बाई शोधली होती. स्टुलावर बसलेल्या, पाय जमिनीला न पोचणाऱ्या पोरीचा तिला विचारच आला नव्हता. हे एवढेसे हात, आणि त्यांत ते शिसं. तिला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलंही नाही.

"भाच्याला मी बघतो," काका म्हणाले. "ने तिला घरी."

दोघांनी बगळा बाबागाडीत निजवला. पाऊस अजून पडत होता. डोरीनने अंगातला कोट काढला आणि स्टँडभोवती नीट खोचला. आयव्हीची एक छत्री काकांनी तिच्या हातात दिली. ती तिने गाडीवर धरली आणि स्वतः भिजत निघाली.

कोपऱ्यावर नेल दारात होतीच. "काय डोरीन, बाळ मिळालं का?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा डोरीन थांबली. "मिळालं," ती म्हणाली. "हेप्सी नाव आहे तिचं."