येल्तेचा पाव तास

स्पर्धा दोन वाजता होती, म्हणून पावणेदोनला आम्ही कॅन्टीनमध्ये निवांत खात बसलो होतो. आमच्या विद्यापीठात दोन म्हणजे सव्वादोन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तास कागदावरच्या वेळेला कधीच सुरू होत नाही. त्याच्यापुढचा पाव तास सायकल लावायला, कॉफी घ्यायला आणि मागच्या बाकावरून पुढे न येण्याची कारणं शोधायला असतो. गेल्या वर्षी वरच्या मंडळींनी फतवा काढून हा पाव तास रद्द केला होता म्हणे. कालव्यापलीकडच्या आमच्या जलविभागाने तो या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला.

येल्ते होकेमा माझ्यासमोर बसून पावात तळलेलं क्रोकेट घालून खात होता. मोहरीची पेस्ट त्याच्या एकुलत्या एका चांगल्या कोटावर सांडली होती.

"पूस ते," मी म्हटलं. "आज विद्यापीठाच्या रेक्टरसमोर उभं राहायचंय."

"सीत्स्के, पोरी, रेक्टर मोहरीला गुण देत नाही."

हाच येल्ते मला पहिल्या वर्षाला शिकवायला होता आणि आता मीही इथेच शिकवायला लागल्यावर माझ्या शेजारच्या खोलीत बसत होता. उन्हाळ्यात तो निवृत्त होणार होता. त्याच्याबरोबर त्याचा 'बांध फुटताना' हा अभ्यासक्रमही जाणार होता, कारण आमच्या डीन महाशयांना तो जुनाट वाटायचा. त्याच्या जागी ते चार व्हिडिओ टाकणार होते. चार! पूर आल्यावर व्हिडिओ लावून बसा म्हणावं.

एकच आशा होती. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी तीन पुरस्कार दिले जातात. संशोधनाचा आणि सेवेचा बंद दाराआड ठरतो, पण अध्यापनाचा सगळ्यांसमोर. निवडलेल्या तिघांनी मोठ्या सभागृहात वीस-वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. जो जिंकेल त्याचा अभ्यासक्रम तीन वर्षं कुणी हलवू शकत नाही. येल्ते जिंकला तर तो अभ्यासक्रम माझ्याकडे येणार होता. मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता, हे लपवून काय करू?

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमची विद्यार्थिनी योरिन ओरडत होती. ती फक्त चांगली जागा पकडायची म्हणून लवकर गेली होती. "कुठे आहात तुम्ही? चिठ्ठीत येल्तेचं नाव पहिलं निघालं! फ्रौक्येने ठोक्याला दोन वाजता काठी आपटली. घड्याळ चालू आहे आणि स्टेजवर कुणी नाही!"

माझ्या पायाखालची वाळूच सरकली.

फ्रौक्ये म्हणजे आमची दंडधारी. काळा झगा, हातात चांदीच्या मुठीची, घुंगरांची काठी. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत ती वेळ संपली की काठी आपटते आणि दोन लॅटिन शब्द उच्चारते, "होरा एस्ट." वेळ झाली. मग उमेदवार वाक्याच्या मध्यावर असो की शब्दाच्या, तोंड तिथल्या तिथे मिटायचं. फ्रौक्येने स्वतःच्या भाच्यालाही अर्ध्या शब्दावर गप्प केलं होतं. तिच्याकडे रदबदली करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

"चल!" मी येल्तेला दंडाला धरून उठवलं. आम्ही सायकलींवर टांग मारली. त्याच्या सायकलीचा चेनगार्ड खडखड वाजत होता, कोट मागे फडफडत होता आणि हा माणूस चक्क हसत होता! कोपऱ्यावर वळलो आणि पाहिलं तर कालव्यावरचा पूल वर उचललेला. खालून वाळूने भरलेली लांबलचक मालवाहू बार्ज गोगलगायीला लाजवेल अशा चालीने चालली होती.

"ए, हल की लवकर!" मी बार्जवाल्याला ओरडले. त्याने मला प्रेमाने हात केला.

मागे वळून पाहिलं तर आमचा अख्खा वर्ग सायकलींवर उभा. पाठीवर दप्तरं, हातात कॉफी. तेही सव्वादोनच्या हिशोबानेच निघाले होते. येल्तेचेच चेले ते!

"मला वाटलं, मी एकटाच वेळेवर आहे," येल्ते त्यांना म्हणाला. कुणाला हसू आलं नाही. पूल खाली येऊन टेकतो न टेकतो तोच सगळी झुंड सुटली.

सभागृहात शिरलो तेव्हा समोर परीक्षक, इतर विभागांची शिस्तीत बसलेली माणसं आणि रिकामं स्टेज. डीन महाशयांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला त्यांच्या अंगावर कॉफी ओतावीशी वाटली.

"तीन मिनिटं उरली आहेत," फ्रौक्ये म्हणाली. आवाजात ना राग, ना दया.

येल्ते धापा टाकत पुढे गेला, पण स्टेजवर चढलाच नाही. तो सरळ पहिल्या रांगेत बसलेल्या रेक्टर फान टोल्डनबाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाई कायद्याच्या प्राध्यापक. पाण्याशी संबंध फक्त चहापुरता.

"रेक्टरबाई, तुम्ही बांधाच्या आतल्या बाजूला राहता. पलीकडे नदी फुगलीय, पण बांध उंच आहे, पाणी वरून येत नाही. तुम्ही निर्धास्त. आणि सकाळी बघता तर तुमच्या खुर्चीखाली, इथे, बरोबर इथे, एक झरा फुटलाय. एवढासा. पाण्याबरोबर वाळू वर येतेय. कुठली वाळू?"

"बांधाखालची?" बाई पुढे सरकल्या.

"शाबास! नदी बांधाखालून बोगदा खणतेय. कण कण करून बांध पोखरतेय. गावाला जाग यायच्या आत काय कराल?"

"बूच मारीन! त्यावर काहीतरी जड ठेवीन."

"बुडवलंत गाव!" येल्ते इतक्या जोरात ओरडला की परीक्षक दचकले. "एक भोक बुजवलंत, पाणी दोन पावलांवर दुसरं काढेल. त्याला थांबवायचं नसतं, बाई. त्याला फक्त—"

काठी आपटली. घुंगरं वाजली.

"होरा एस्ट."

येल्तेचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने ते मिटलं, मान लववली आणि दोन पावलं मागे सरला.

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही एका वाळूच्या बार्जपायी.

"फक्त काय?" रेक्टरबाईंचा आवाज आला. येल्तेने ओठांवर बोट ठेवलं. "अहो, पण फक्त काय? कुणीतरी सांगा ना!"

योरिन उठली. ती खाली आली आणि पाठीवरचं दप्तर काढून तिने बाईंच्या खुर्चीशेजारी ठेवलं. तिच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. बघता बघता सगळा वर्ग पायऱ्या उतरत होता. येल्तेच्या तासाला आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी हे केलेलं, दप्तरांना वाळूची पोती समजून. दप्तराला दप्तर चिकटत गेलं, त्यावर दुसरा थर चढला, आणि विद्यापीठाच्या रेक्टर गुडघ्याएवढ्या भिंतीच्या गोल विहिरीत बसल्या. मीही माझी पिशवी नेऊन ठेवली.

"वरून बंद नाही करायचं?" बाईंनी विचारलं.

योरिनने नकारार्थी मान हलवली.

बाई आपल्या पायांकडे बघत राहिल्या. "म्हणजे झरा वाहू द्यायचा... पाणी या विहिरीत चढत जाईल..." आणि त्या एकदम उभ्या राहिल्या. "आणि चढलेल्या पाण्याचंच वजन खालच्या पाण्यावर पडेल! त्याचा जोर कमी होईल! पाणी येईल, पण वाळू जागेवर राहील! बरोबर? येल्ते, बरोबर?"

येल्तेने दोन्ही हात वर केले आणि सभागृह दणाणलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याला बूच मारायची मला मुळीच इच्छा नव्हती.

"हे वेळेनंतर झालंय!" डीन उठले. "नियम म्हणजे नियम. फ्रौक्ये, सांगा यांना!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. फ्रौक्येने झगा सारखा केला.

"नियम असा आहे की काठीनंतर उमेदवाराने बोलायचं नाही," ती म्हणाली. "उमेदवार बोललेला नाही."

डीन बसले. पण दोन उमेदवार अजून बाकी होते. वैद्यकशाखेच्या टेसेलारबाईंनी केळ्याच्या सालीवर टाके घालून दाखवले, आणि कबूल करते, मला स्वतःला टाके घालून घ्यावेसे वाटले इतकं ते सुरेख होतं. तिसऱ्याचं मी काही ऐकलं नाही. मी येल्तेच्या कोटावरचा मोहरीचा डाग नखाने खरवडत होते आणि तो 'मारू का' अशा नजरेने माझ्याकडे बघत होता.

परीक्षक आत गेले. परत आले तेव्हा रेक्टरबाईंच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो उघडलाच नाही.

"मी अनेक वर्षं भाषणं ऐकतेय," त्या म्हणाल्या. "बहुतेक ऐकल्यावर वाटतं, चला, संपलं. आज एक मध्येच तुटलं आणि मला बसवेना. येल्ते होकेमा, पुरस्कार तुमचा."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडले हे नक्की, कारण घसा दुसऱ्या दिवसापर्यंत बसलेला होता. पोरांनी येल्तेला खांद्यावर घेतलं आणि तो वरून "पाडाल रे गाढवांनो!" म्हणून शिव्या देत होता.

गर्दीतून वाट काढत रेक्टरबाई माझ्याकडे आल्या. "सप्टेंबरपासून हा तास तुम्ही घेणार ना? मला मागे बसायचंय. किती वाजता असतो?"

"दोन वाजता," मी म्हटलं.

शेजारी फ्रौक्ये आपली काठी पिशवीत घालत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"म्हणजे सव्वादोनला," ती म्हणाली.